काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्रत्येक डास डेंग्यूचा नसतो : ओळख चुकते तेव्हा काय, कोणत्या क्रमाने तपासावे

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले, की आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर काडेपेट्या, इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या आणि चिकटपट्टीने बंद केलेल्या डब्या जमू लागतात. आत मेलेले डास असतात आणि वर चिठ्ठी असते : ‘डेंग्यूचा डास. खात्री करून द्यावी.’ कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवताना मी अशा डब्या गेली अनेक वर्षे उघडत आलो आहे आणि दर पावसाळ्यात तीच चूक नव्या चिठ्ठीसह माझ्यासमोर येते. कोणी आर्मिजेरिसला एडिस, म्हणजे डेंग्यूच्या डासाचा गट, म्हणतो, कोणी क्युलेक्सच्या नराला ॲनोफेलिस, म्हणजे हिवतापाच्या डासाचा गट, ठरवतो, तर कोणी छातीवरचे खवले झडून गेलेल्या एडिस इजिप्तीला, म्हणजे डेंग्यूच्या मुख्य वाहकालाच, ‘साधा डास’ म्हणून फेकून देतो. ही चूक कागदापुरती राहत नाही. डासाचे नाव चुकले की तो ज्या पाण्यात वाढतो ते पाणी आपण भलत्याच ठिकाणी शोधतो, औषध भलत्याच जागी पडते आणि खरी उत्पत्ती शेजारच्या पिंपात निवांत चालू राहते.

चूक झाल्याची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे नाव आणि वेळ यांचा मेळ न बसणे. डबीवर एडिस लिहिलेले असते, पण घरातली माणसे सांगतात की डास रात्री अकरानंतर कानाशी गुणगुणतात. एडिस मुख्यतः दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत त्याचा जोर असतो. दुसरे लक्षण म्हणजे नाव आणि पाणी यांचा मेळ न बसणे. गटाराच्या काळ्या पाण्यातून ‘डेंग्यूच्या अळ्या’ आल्या असे कोणी सांगितले, तर मी ती डबी आधी उघडतो. तिसरे लक्षण असे, की तीन वेळा धूर फवारणी होऊनही आठवड्याभरात डास पुन्हा पूर्वीइतकेच होतात. चौथे लक्षण विद्यार्थ्यांच्या वहीत दिसते. एकाच नमुन्याला दोघे जण दोन नावे देतात, किंवा ओळखतक्त्यातल्या, म्हणजे दोन पर्यायांतून एक निवडत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यातल्या, एखाद्या पायरीवर दोन्ही पर्याय लागू पडत नाहीत आणि विद्यार्थी त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडून पुढे जातो. माझ्या अनुभवात बहुतेक चुका तिथेच घडतात. दोन्ही पर्याय जुळत नसतील तर चूक मागच्या एखाद्या पायरीवर झालेली असते, म्हणून अशा वेळी पुढे न जाता मागे फिरावे.

फुकटात होणारी तपासणी : जागा, वेळ आणि बैठक

डास मारण्यापूर्वी तो कसा बसला आहे ते पाहावे आणि मोबाइलवर बाजूने एक छायाचित्र घ्यावे. ॲनोफेलिस बसतो तेव्हा त्याची सोंड, छाती आणि पोट एका सरळ रेषेत असतात आणि शरीराचा मागचा भाग भिंतीपासून वर उचललेला असतो, जणू भिंतीत तिरका खिळा रोवला आहे. क्युलेक्स आणि एडिस पाठीला कुबड काढल्यासारखे, भिंतीला जवळजवळ समांतर बसतात. ही खूण मेल्यावर नाहीशी होते, म्हणून ती सर्वांत आधी पाहायची. त्याच वेळी कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने तारीख, वेळ, गल्ली, घराच्या आत की बाहेर आणि जवळपास कोणते पाणी साठलेले आहे एवढे लिहावे. पेन्सिलच वापरावी, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये किंवा ओलाव्यात पसरते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही चांगला असला तरी निम्मा वाया गेलेला असतो.

हा डास आहे का, हा प्रश्नही इथेच सोडवून टाकावा. रंकाळ्याच्या काठच्या घरांत संध्याकाळी दिव्याभोवती जे थवे जमतात, त्यांत पुष्कळदा कायरोनोमिड माश्या असतात. त्या चावत नाहीत आणि कोणताही रोग पसरवत नाहीत. त्यांना लांब सोंड नसते, पंखांवर खवले नसतात, आणि बसताना त्या पुढचे पाय वर उचलून धरतात; डास उचलतो ते मागचे पाय. तळ्याच्या गाळात तांबड्या अळ्या दिसतात त्याही बहुधा ह्यांच्याच असतात. अशा थव्यांच्या भीतीपोटी औषधावर झालेला खर्च मी पाहिला आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याच गल्लीत झाकण नसलेले पिंप कोणी पाहिलेले नसते.

दोन-तीनशे रुपयांची तपासणी : सोनाराचे भिंग

दहापट मोठे दाखवणारे, सोनार वापरतात ते भिंग घ्यावे. गुजरीच्या आसपास ते सहज मिळते. सूक्ष्मदर्शकापूर्वीचे निम्मे काम त्यात होते.

भिंगाखाली सर्वप्रथम नर की मादी ते पाहावे. नराच्या स्पर्शिका, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा, पिसांसारख्या दाट झुबकेदार असतात. मादीच्या विरळ केसांच्या असतात. रक्त फक्त मादी पिते, त्यामुळे रोगप्रसाराच्या दृष्टीने मादी महत्त्वाची. पण ही पायरी आधी ठेवण्याचे कारण वेगळे आहे. सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन दांड्यांसारखे अवयव असतात, त्यांना पॅल्प म्हणतात. ‘पॅल्प सोंडेइतके लांब असतील तर ॲनोफेलिस’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, परंतु तो मादीपुरताच खरा आहे. क्युलेक्सच्या नराचेही पॅल्प लांब असतात आणि दर वर्षी किमान दोन-तीन डब्यांत तो ॲनोफेलिस म्हणून माझ्याकडे येतो. ॲनोफेलिसच्या नराचे पॅल्प टोकाशी गदेसारखे फुगलेले असतात, क्युलेक्सच्या नराचे तसे नसतात. मादी असेल तर मात्र नियम सरळ आहे : लांब पॅल्प म्हणजे ॲनोफेलिस, आखूड पॅल्प म्हणजे एडिस, क्युलेक्स, आर्मिजेरिस किंवा मॅन्सोनिया. ॲनोफेलिसच्या बहुतेक जातींच्या पंखांवर काळे-पांढरे ठिपकेही दिसतात.

या ठिपक्यांची किंमत किती, हे रोनाल्ड रॉस यांच्या कामावरून कळते. १८९५ पासून सुमारे दोन वर्षे ते करड्या आणि पट्टेदार डासांमध्ये, म्हणजे आज आपण ज्यांना क्युलेक्स आणि एडिस म्हणतो त्यांच्यात, हिवतापाचा परोपजीवी शोधत राहिले आणि त्यांना काही सापडले नाही. ठिपकेदार पंखांचा डास हाती आल्यावर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे त्याच्या जठराच्या भित्तीत त्यांना परोपजीवी दिसला. त्यांची चिकाटी आधीही तेवढीच होती, विच्छेदनाचे कौशल्यही होते. डास वेगळा होता. वर्गात मी ही हकिगत दर वर्षी सांगतो.

यानंतर पोटाचे टोक पाहावे. एडिसच्या मादीचे पोट टोकाकडे निमुळते होत जाते, क्युलेक्सचे बोथट असते. नाल्या-गटारांत वाढणाऱ्या क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटसचा, म्हणजे हत्तीरोगाच्या वाहकाचा, रंग तपकिरी असतो, पायांवर पांढरी कडी नसतात आणि पोटाच्या प्रत्येक खंडाच्या मुळाशी फिकट पट्टा असतो. मात्र भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स विष्णुई गटातल्या डासांच्या पायांवर फिकट कडी असतात आणि त्यामुळे गगनबावडा, राधानगरीकडून आलेल्या नमुन्यांवर पुष्कळदा एडिस असे लिहिलेले असते. त्यांची सोंड पाहावी. सोंडेच्या मध्यावर फिकट कडे असेल आणि छाती तपकिरी असेल, तर तो एडिस इजिप्ती किंवा त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस नव्हे. हा गट जपानी मेंदूज्वराशी निगडित आहे, म्हणून तो दुर्लक्षण्याजोगाही नव्हे.

सर्वांत जास्त फसवणारा : आर्मिजेरिस

एका गृहसंकुलातून सलग दोन पावसाळे माझ्याकडे डब्या आल्या. सचिव स्वतः डबी घेऊन यायचे. ‘सर, पिंपे झाकली, कुंड्यांखालच्या बश्या काढल्या, धूर मारून झाला, तरी सहा वाजले की पोरांना खाली खेळता येत नाही,’ असे ते म्हणाले. आधी कोणीतरी त्यांना डास एडिस असल्याचे सांगितले होते आणि सगळे काम त्या एका शब्दावर चालले होते. डबीतला डास चांगला मोठा, काळपट होता. छातीच्या कडेला आणि पोटाच्या बाजूंना पांढरे खवले होते, त्यामुळे साध्या डोळ्यांना तो काळा-पांढराच दिसत होता. पण भिंग धरून मागचा पाय टोकापर्यंत पाहिला तेव्हा पावलाच्या खंडांवर एकही पांढरे कडे नव्हते, आणि सोंड सरळ नसून टोकाकडे खाली वाकलेली होती. या दोन खुणा एकत्र दिसल्या की तो आर्मिजेरिस सबअल्बेटस समजावा. तो स्वच्छ पाण्याच्या पिंपात नव्हे, तर सेप्टिक टँकसारख्या सडक्या, घाण पाण्यात वाढतो. त्या संकुलाच्या सेप्टिक टँकच्या झाकणाला बोटभर फट होती आणि हवा जाण्याच्या नळीवर जाळी नव्हती. फट सिमेंटने बुजवली, नळीच्या तोंडाला बारीक जाळी तारेने आवळून बांधली आणि काही आठवड्यांत संध्याकाळचा त्रास ओसरला. दोन वर्षांच्या धुराने जे झाले नव्हते ते वीतभर जाळीने झाले. तेव्हापासून ‘एडिस’ अशी चिठ्ठी दिसली की मी आधी मागच्या पायांची पावले पाहतो.

एडिस इजिप्ती की एडिस अल्बोपिक्टस

मागच्या पायाच्या पावलाला पाच खंड असतात. पहिल्या चार खंडांच्या मुळाशी पांढरे कडे आणि पाचवा खंड पूर्ण पांढरा, ही खूण दोन्ही जातींत सारखी असते, म्हणून पायांच्या पट्ट्यांवरून या दोघांत निवाडा करता येत नाही. पाहायची ती छातीची पाठ. एडिस इजिप्तीच्या पाठीवर रुपेरी खवल्यांच्या दोन वक्र रेषा दोन्ही बाजूंनी कंसासारख्या वळलेल्या असतात आणि त्यांच्या मधे दोन बारीक सरळ रेषा असतात. सगळी आकृती तंतुवाद्याच्या चौकटीसारखी दिसते. अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच ठळक रुपेरी रेषा असते. पन्हाळा, जोतिबा या बाजूच्या कातळांवरच्या खळग्यांत वाढणारा तिसरा एक भाऊबंद आहे, एडिस व्हिटॅटस. त्याच्या पाठीवर रेषा नसतात. लहान पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचण अशी, की हाताने चापट मारून पकडलेल्या किंवा कापसात दाबून आणलेल्या डासाच्या पाठीवरचे खवलेच आधी झडतात. पाठ गुळगुळीत काळी झाली की लोक अंदाज करतात आणि मधल्या दोन बारीक रेषांचे अवशेष पाहून ‘एकच रेषा, अल्बोपिक्टस’ असे लिहून मोकळे होतात. म्हणून माझा नियम आहे : एका खुणेवर जात लिहायची नाही, शरीराच्या वेगवेगळ्या भागांवरच्या किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. पाठ झडली असेल तर तीन ठिकाणे उरतात. पहिले म्हणजे मधल्या पायाची मांडी. इजिप्तीत तिच्या पुढच्या बाजूवर लांबीच्या दिशेने पांढरी रेघ असते, अल्बोपिक्टसमध्ये ती नसते. दुसरे म्हणजे सोंडेच्या अगदी मुळाशी, डोक्याच्या पुढे असलेला छोटा उंचवटा, क्लिपियस. इजिप्तीच्या मादीत त्यावर पांढऱ्या खवल्यांचे दोन ठिपके असतात, अल्बोपिक्टसमध्ये तो काळा असतो. तिसरे म्हणजे छातीची बाजू. पंखाच्या मुळाखालच्या भागावर इजिप्तीत पांढऱ्या खवल्यांचे दोन सुटे पुंजके दिसतात, अल्बोपिक्टसमध्ये ते एकमेकांना मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. मांडी भिंगाखाली दिसते. उरलेल्या दोन खुणांसाठी विच्छेदन-सूक्ष्मदर्शक लागतो, आणि उजेड वरून नव्हे तर बाजूने, तिरका सोडावा लागतो, नाहीतर रुपेरी खवले चमकून एकमेकांत मिसळतात.

मागे शिवाजी उद्यमनगरातल्या भंगाराच्या ढिगातल्या टायरमधून आलेला एक नमुना आठवतो. पाठ पूर्ण झडलेली, एक पंख तुटलेला, मागचे दोन्ही पाय गुडघ्यातून गेलेले. विद्यार्थिनीने ‘ओळखता येत नाही’ असे लिहिले होते आणि ते लिहिणे प्रामाणिकपणाचे होते. दिवा तिरका केल्यावर क्लिपियसवर पिठाच्या कणांएवढे दोन पांढरे ठिपके उजळले आणि मधल्या मांडीवर केसासारखी बारीक पांढरी रेघ दिसली. एडिस इजिप्ती. हा भेद कामाचा आहे, कारण इजिप्ती घरात, पलंगाखाली, कपड्यांच्या आडोशाला विसावतो आणि पिंपे, कूलर, फ्रीजमागचा ट्रे अशा साठ्यांत वाढतो. अल्बोपिक्टस झाडीत राहतो आणि झाडांच्या ढोल्या, बांबूचे तुटके खुंट, करवंट्या अशा ठिकाणी जास्त सापडतो. एकाचे काम घरात शिरून करायचे आहे, दुसऱ्याचे परड्यात आणि बागेत.

नमुनाच खराब असेल तर

तपासणी वारंवार अडत असेल तर दोष डोळ्यांचा नसून पकडण्याच्या पद्धतीचा आहे, असे समजावे. डास काचेच्या नळीत किंवा उपड्या पेल्यात पकडून, झाकण लावून, किमान अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावा. प्रौढ डास स्पिरिटमध्ये टाकू नये, त्यात खवले सुटतात. तो कोरडाच, टिश्यू कागदाच्या सैल घडीत ठेवावा. कोल्हापूरच्या जुलैतल्या दमट हवेत दोन दिवसांत त्यावर बुरशी येते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

याहून चांगला उपाय जवळजवळ फुकट आहे. त्याच पाण्यातल्या चार-पाच मोठ्या अळ्या किंवा कोष त्याच पाण्यासह बरणीत घ्यावेत आणि तोंडाला बारीक जाळीचे कापड दोऱ्याने घट्ट बांधावे. कोषातून साधारण दोन दिवसांत डास बाहेर पडतो. त्याला आणखी एक दिवस तसाच राहू द्यावा, म्हणजे अंग कडक होते आणि रंग बसतो. मग बरणीच फ्रीझरमध्ये ठेवावी. असा डास एकही खवला न झडलेला, पुस्तकातल्या चित्रासारखा मिळतो. मात्र जाळी सैल राहिली तर आपणच घरात डास सोडू, त्यामुळे जिथे लहान मुले बरणीला हात लावतील तिथे हे करू नये, आणि उरलेले पाणी मोरीत न ओतता कोरड्या तापलेल्या मातीवर ओतावे.

सूक्ष्मदर्शकाची कामे

अळीचा गट बरणीतच कळतो. ॲनोफेलिसच्या अळीला श्वसननलिका नसते आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगते. क्युलेक्सची अळी लांब, सडपातळ नलिकेने लटकते, एडिसची आखूड, जाडसर नलिकेने. जात ठरवण्यासाठी मात्र पूर्ण वाढलेली अळी काचपट्टीवर घेऊन आठव्या खंडावरचे फणीसारखे काटे पाहावे लागतात. इजिप्तीत प्रत्येक काट्याच्या बाजूंना ठळक दाते असल्याने तो त्रिशूळासारखा दिसतो. अल्बोपिक्टसचा काटा साधा असतो आणि त्याच्या बुडाशी फक्त बारीक झालर असते. हे नवख्याचे काम नव्हे; पहिल्या दहा-वीस काचपट्ट्या जाणकाराशेजारी बसूनच पाहाव्यात.

ॲनोफेलिसमध्ये पाय, पॅल्प आणि पंखाची तिसरी शीर असा क्रम मी ठेवतो. पाय आणि पॅल्प दोन्हींवर पांढऱ्या ठिपक्यांची शिंपण असेल तर शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफेलिस स्टिफेन्साय. तो इमारतींच्या वरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावरचे हौद यांत वाढतो. म्हशींच्या गोठ्यात ढिगाने सापडणाऱ्या ॲनोफेलिस सबपिक्टसवर अशी शिंपण नसते, आणि त्याला स्टिफेन्साय समजून वस्तीतल्या टाक्या उपसणे हा मी पाहिलेला दुसरा मोठा अपव्यय आहे. शिंपण नाही आणि पंखाच्या पुढच्या कडेचा मुळाकडचा पाव भाग सलग काळा आहे, असे दिसले तर तिसरी शीर पाहावी. ती बहुतांशी काळी असेल तर ॲनोफेलिस क्युलिसिफेसिस, बहुतांशी फिकट असेल तर डोंगराकडेच्या ओढ्यांत वाढणारा ॲनोफेलिस फ्लुव्हिॲटिलिस.

कुठे थांबावे

क्युलिसिफेसिस असे नाव लिहून झाले की भिंग आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही बाजूला ठेवावेत. या नावाखाली ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच भगिनी-जाती आहेत. त्या दिसायला सारख्याच आहेत. त्यांतली बी हिवताप पसरवण्यात कमकुवत आहे. त्या गुणसूत्रांवरून किंवा रेणवीय चाचणीनेच वेगळ्या करता येतात आणि ते काम प्रशिक्षित कीटकशास्त्रज्ञाचे आहे. विष्णुई गटातल्या जाती वेगळ्या करणेही मी तिकडेच सोपवतो. त्याचप्रमाणे दोन खुणा एकमेकींशी विसंगत दिसल्या, पाठ इजिप्तीची वाटते पण मांडी अल्बोपिक्टसची, तर तिसऱ्यांदा पाहत बसू नये. नमुना जिल्हा हिवताप कार्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावा. त्या परिसरात पूर्वी नोंद नसलेली जात वाटली, तरीही हेच करावे.

डास एडिस इजिप्ती आहे याचा अर्थ त्याच्यात विषाणू आहे असा होत नाही. शरीररचनेवरून ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही, त्यासाठी विषाणूशास्त्राची प्रयोगशाळा लागते. आणि घरात कोणाला ताप असेल तर डबी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे, रक्त तपासून घ्यावे. ताप उतरल्यानंतर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ यांपैकी काही दिसले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. डासाचे नाव कळेपर्यंत उपचार थांबवलेले एक कुटुंब मी पाहिले आहे. मुलगा बरा झाला, पण तो दीड दिवस वाया जायला नको होता.

नमुना पुढे पाठवताना कोरडा डास, त्याच पाण्यातल्या, ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या अळ्या वेगळ्या कुपीत, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि बसलेल्या डासाचे छायाचित्र असे चारही एकत्र द्यावे. चिठ्ठीवर आपण ठरवलेले नाव लिहिलेच तर पुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि ते कोणत्या दोन खुणांवरून ठरवले तेही लिहावे, म्हणजे तपासणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते कळते.